खासगी शाळेने भागीदारीचा प्रस्ताव दिला आहे, स्वीकारावा का?

प्रश्न : मी सोलापूर जिल्ह्यातील एका गावात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेची प्रभारी मुख्याध्यापिका आहे. पहिली ते पाचवीचे वर्ग, पट ६४ आणि माझ्यासह तीन शिक्षक अशी आमची शाळा आहे. गावापासून सहा किलोमीटरवर असलेल्या एका इंग्रजी माध्यमाच्या स्वयंअर्थसहाय्यित शाळेने आमच्याकडे भागीदारीचा लेखी प्रस्ताव पाठवला आहे. त्यांच्या आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी दर शनिवारी येऊन आमच्या मुलांना इंग्रजी संभाषण शिकवावे, आम्हाला दहा जुने संगणक मिळावेत आणि वर्षातून दोनदा आमच्या मुलांना त्यांच्या प्रयोगशाळेत व मैदानावर न्यावे, असे त्यात आहे. बदल्यात त्यांना आमच्या प्रवेशद्वारावर संस्थेच्या नावाचा फलक आणि कार्यक्रमांची छायाचित्रे वापरण्याची परवानगी हवी आहे. शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष आनंदात आहेत. माझे एक सहकारी मात्र म्हणतात, की हा मुले पळवण्याचा डाव आहे, कारण मागील दोन वर्षांत आमची सात मुले त्याच शाळेत गेली. मी काय करावे?

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपण भागीदारीला होकार द्यावा, परंतु या प्रस्तावाला देऊ नये, असे माझे मत आहे. आलेला कागद नाकारून संबंध तोडण्याचे कारण नाही आणि तो आहे तसा स्वीकारण्याचेही नाही. आपल्या शाळेच्या बाजूने दुसरा प्रस्ताव तयार करून तो त्यांच्याकडे पाठवावा. त्यात काय असावे हे सांगण्यापूर्वी एक शंका दूर करतो, कारण अशी जोडणी नियमात बसते का, हा प्रश्न आपल्या पत्राच्या ओळींमागे जाणवतो.

ती धोरणात बसते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शाळा संकुलांविषयीच्या सातव्या प्रकरणात एक सरकारी आणि एक खासगी अशा शाळांच्या जोड्या देशभर लावाव्यात, त्यांनी एकमेकींना भेटावे, एकमेकींपासून शिकावे आणि शक्य असेल तेथे साधनेही वाटून घ्यावीत, असे स्पष्ट म्हटले आहे. मोठ्या शाळेभोवती आसपासच्या लहान शाळा गुंफण्याची ही संकुलाची कल्पना तर त्याहून कितीतरी जुनी आहे. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने ती मांडली होती आणि ती अमलात आली नाही, हे नव्या धोरणानेच नोंदवले आहे. मला त्या परिच्छेदातले सर्वांत महत्त्वाचे वाटते ते त्याचे शेवटचे वाक्य. खासगी शाळांतील चांगल्या पद्धतींची नोंद करून त्या सरकारी शाळांत रुजवाव्यात असे सांगून झाल्यावर, शक्य तेथे याच्या उलटही व्हावे, असे ते म्हणते. आपल्याकडे आलेल्या प्रस्तावात ही उलट दिशा कोठेच नाही. इंग्रजी, संगणक आणि मैदान तिकडून येणार, आणि इकडून जाणार ती फक्त भिंतीवरची जागा आणि मुलांचे चेहरे.

प्रथम शनिवारचा विचार करू, कारण समितीच्या अध्यक्षांना तोच भाग सर्वाधिक आवडला असावा. शनिवारी आपली शाळा सकाळची असते, म्हणजे हाती वेळ मुळातच कमी असतो. त्या वेळात तेरा-चौदा वर्षांची मुले पहिली ते पाचवीच्या मुलांना शिकवणार. पहिलीतील मूल अजून मराठी अक्षरे जुळवत असते आणि पाचवीतील मूल इंग्रजी वाक्ये वाचत असते, तेव्हा या दोघांना एकाच ‘संभाषणात’ बसवणे प्रशिक्षित शिक्षकालाही जड जाते. पाहुण्या विद्यार्थ्यांच्या चाचण्या, स्नेहसंमेलन आणि वार्षिक परीक्षा आल्या की ते येणार नाहीत, आणि आपली मुले मात्र वाट पाहत बसतील. अशा भेटींचा खरा लाभ बहुतेक वेळा येणाऱ्या मुलांना होतो. त्यांना आपल्यापेक्षा वेगळे जग दिसते, समाजसेवेची नोंद होते आणि शाळेच्या वार्षिक अहवालाला दोन पाने मिळतात. यात वाईट काही नाही, पण तो त्यांचा लाभ आहे हे दोन्ही बाजूंनी मान्य केलेले बरे. ही मुले यावीत असेच समितीला वाटत असेल, तर महिन्यातून एकदा यावीत, त्यांनी शिकवू नये, तर जोडीने बसून वाचावे. आपल्या चौथी-पाचवीच्या मुलाने मराठी पुस्तक मोठ्याने वाचून दाखवावे आणि पाहुण्याने इंग्रजी, म्हणजे कोण कोणाला शिकवतो हा प्रश्न उरत नाही. इंग्रजी माध्यमातील अनेक मुलांचे मराठी वाचन अडखळते हे आपणास ठाऊक असेलच. तेव्हा त्या दिवशी आपलेच काही विद्यार्थी पाहुण्यांना दुरुस्त करताना दिसले, तर आश्चर्य वाटू देऊ नये.

येथेच आपल्या प्रस्तावाचा गाभा आहे. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व माध्यमांच्या आणि सर्व मंडळांच्या शाळांना मराठी शिकवणे सक्तीचे झाले. स्वयंअर्थसहाय्यित इंग्रजी शाळांपुढे त्यामुळे खरी अडचण उभी राहिली, कारण ज्यांच्या घरी मराठी बोलली जाते पण वाचली जात नाही, किंवा ज्यांच्या घरी ती बोललीही जात नाही, अशा मुलांना मराठी वाचायला कसे शिकवावे, याचा अनुभव तेथील अनेक शिक्षकांना नसतो. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचे तर ते रोजचे काम आहे. ऊसतोडीहून परतलेले, मधले चार महिने शाळा बुडालेले मूल पुन्हा वाचनावर आणणे हे आपण आणि आपले सहकारी दरवर्षी करत असाल. शिवाय तीन शिक्षक पाच वर्ग सांभाळतात, म्हणजे बहुवर्ग अध्यापन, एकाच वेळी एकाहून अधिक वर्गांना शिकवणे, ही आपल्या शाळेची रोजची रीत आहे. एका गटाला स्वतः काम करायला लावून दुसऱ्या गटापाशी बसणे, मोठ्या मुलांकडून लहानांचा सराव करून घेणे, एकच साहित्य तीन पातळ्यांवर वापरणे, या गोष्टी चाळीस मुलांच्या वर्गात एकाच पातळीचा पाठ घेणाऱ्या खासगी शाळेतील शिक्षकाने अवश्य पाहाव्यात अशा आहेत. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधील, म्हणजे त्या गटातील, जिल्हा परिषद शाळांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने, म्हणजे मुलांना स्वतः करून शिकू देत, वर्ग बदलले, तेव्हा ते पाहण्यासाठी राज्यभरातून शिक्षक आणि अधिकारी तेथे गेले होते. सरकारी शाळेकडे शिकवण्यासारखे काही असते हे सिद्ध करायला आपल्याला लांब जावे लागणार नाही.

म्हणून आपण असे सुचवावे, की भागीदारी प्रथम शिक्षकांची असेल. त्यांचे इंग्रजीचे एक शिक्षक आणि आपल्याकडील एक शिक्षक यांनी वर्षभर, समजा महिन्यातून एकदा, एकमेकांचा एक तास पाहावा, नंतर अर्धा तास बसून त्यावर बोलावे आणि पुढच्या महिन्यात काय करून पाहायचे ते ठरवावे. त्यांच्याकडून आपल्याला इंग्रजीचे उच्चार, वर्गातील इंग्रजीचा वापर, गोष्टी सांगण्याची तंत्रे मिळतील, आणि आपल्याकडून त्यांना प्रारंभिक मराठी वाचन आणि बहुवर्ग अध्यापन मिळेल. इंग्रजीचे शनिवार बंद झाले की त्यांच्याबरोबर आलेले इंग्रजीही जाते. आपला शिक्षक इंग्रजी अधिक चांगले शिकवू लागला, तर ते त्याच्या सर्व वर्गांना आणि पुढील सर्व वर्षांना मिळते. आपल्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेला त्यांच्या एक-दोन शिक्षकांना निमंत्रित करता येईल का, हेही केंद्रप्रमुखांना विचारावे. एरवी त्या परिषदेत खासगी शाळेचा शिक्षक क्वचितच दिसतो, आणि खासगी शाळांच्या प्रशिक्षणात आपला शिक्षक तर कधीच नसतो. एकाच तालुक्यात, त्याच वयाच्या मुलांना शिकवणारे लोक एकमेकांना ओळखतही नाहीत, ही मला पटांच्या आकड्यांपेक्षा अधिक काळजीची गोष्ट वाटते.

अशा भागीदाऱ्यांचा दीर्घ अनुभव इंग्लंडमध्ये आहे, आणि आपल्याला त्यातून घेण्यासारखे थोडे आहे. तेथे शुल्क घेणाऱ्या खासगी शाळांत शंभरातील सहा-सात मुलेच शिकतात, पण त्यांपैकी पुष्कळ शाळा कायद्याने धर्मादाय संस्था आहेत आणि त्या नात्याने त्यांना करसवलती मिळत आल्या. संस्था शिक्षण देते म्हणजे ती लोकहिताचीच, असे गृहीत धरण्याची जुनी रीत २००६ च्या धर्मादाय कायद्याने बंद केली. पुढे २०११ मध्ये न्यायाधिकरणाने असे स्पष्ट केले, की शुल्क परवडत नाही अशांसाठी या शाळांनी नाममात्रापेक्षा अधिक काही केले पाहिजे, मात्र ते काय असावे हे विश्वस्तांनी ठरवावे. तेव्हापासून सरकारी शाळांशी भागीदारी हा तेथील खासगी शाळांच्या प्रतिष्ठेचा, आणि उघड बोलायचे तर बचावाचाही, भाग झाला आहे. तरीही १ जानेवारी २०२५ पासून त्यांच्या शुल्कावर २० टक्के मूल्यवर्धित कर लागू झालाच. यातून आपण एवढेच लक्षात ठेवावे, की समोरच्या संस्थेला भागीदारी का हवी आहे हे विचारण्यात अविश्वास नाही. प्रत्येकाला काहीतरी कारण असते, आणि ते उघड झाले की वाटाघाट सोपी होते.

तेथील जे प्रयोग टिकले, त्यांत विषयांवर भर असलेले पुढे दिसतात. यॉर्क शहरात २००७ पासून खासगी आणि सरकारी माध्यमिक शाळांचा एक गट एकत्र काम करतो. लॅटिनसारखा विषय, जो एकेका शाळेला स्वतंत्रपणे चालवणे परवडत नाही, तो अशा गटाला मिळून शिकवता येतो. पूर्व लंडनमधील स्ट्रॅटफर्ड येथे २०१२ मध्ये ब्रायटन कॉलेजच्या पुढाकाराने काही नामांकित खासगी शाळांनी मिळून अकरावी-बारावीच्या वयाच्या मुलांसाठी सरकारी खर्चाने चालणारी एक विनाशुल्क शाळा सुरू केली आणि आपापल्या विषय-विभागांचे बळ तिच्या पाठीशी उभे केले. त्या शाळेचे अनेक विद्यार्थी ऑक्सफर्ड आणि केंब्रिजला जातात. याउलट पोहण्याचा तलाव एक दिवस उघडून दिला, नाटकाला सरकारी शाळेची मुले बोलावली, अशा एका दिवसाच्या उपक्रमांवर तेथेही टीका होते, की ते मुलांपेक्षा माहितीपत्रकाच्या उपयोगाचे असतात. आपल्याला मिळालेल्या प्रस्तावातील वर्षातून दोन सहली याच जातीच्या आहेत. त्या घ्याव्यात, मुले आनंदाने जातील, पण त्यांना भागीदारी समजू नये.

आता आपल्या सहकाऱ्यांच्या शंकेकडे येतो. ती अनाठायी नाही, आणि ती हसण्यावारी नेणाऱ्यांना पटसंख्येचे गणित माहीत नसते. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पर्यंत मुले असतील तर दोन शिक्षक आणि ६१ ते ९० असतील तर तीन. संचमान्यतेचे, म्हणजे शाळेला किती शिक्षकपदे मंजूर होतात याचे, निकष शासन निर्णयांनी वेळोवेळी बदलत आले असले, तरी आपला ६४ चा पट हा त्या रेषेच्या अगदी काठावर आहे. आणखी चार मुले गेली, तर एक शिक्षक अतिरिक्त ठरण्याचा धोका आहे आणि मग उरलेल्या दोघांनी पाच वर्ग सांभाळायचे. तेव्हा सहकारी घाबरले असतील, तर ते आपल्या नोकरीपुरते घाबरलेले नाहीत.

परंतु भागीदारी नाकारल्याने ही गळती थांबणार नाही. पालकांना मुलाची शाळा बदलता येते आणि दाखला मागितल्यावर मुख्याध्यापकाने तो द्यायचा असतो, म्हणजे अडवणूक हा मार्ग नाहीच. शिवाय पालकांना त्या शाळेची बस रोज गावातून जाताना दिसते. तुलना ते आजही करतात, फक्त ती बसचा रंग, गणवेश आणि ‘इंग्लिश’ या तीन गोष्टींवर करतात. दोन्ही शाळांचे वर्ग पालकांनी जवळून पाहिले, तर ती तुलना निदान शिकवण्यावर येईल. म्हणून शंकेचे उत्तर अटीत द्यावे. भागीदारीच्या कोणत्याही कार्यक्रमात प्रवेशाची माहिती, पत्रके, अर्ज किंवा शुल्कसवलतीची घोषणा होणार नाही, आपल्या मुलांची व पालकांची नावे आणि दूरध्वनी क्रमांक त्यांना दिले जाणार नाहीत, असे लेखी घ्यावे. मुले पळवण्याचा हेतू नसेल, तर ही अट मान्य करायला कोणतीही शाळा दोन मिनिटांपेक्षा अधिक वेळ घेणार नाही. कुरकुर झाली, तर सहकाऱ्यांचे म्हणणे खरे होते असे समजावे आणि नम्रपणे विषय संपवावा. एक अपवाद मात्र आपण मनात ठेवावा. शिक्षण हक्क कायद्याखालील २५ टक्के राखीव जागांवर गावातील एखाद्या गरीब पालकाने त्या शाळेत अर्ज केला, तर तो त्याचा कायदेशीर हक्क आहे. सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतील खासगी शाळांना या जागांतून सूट देण्याचा राज्य शासनाचा २०२४ मधील प्रयत्न मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये रद्द केला. त्या पालकाला भागीदारीच्या नावाखाली कोणी परावृत्त करू नये, आपणही नाही.

संगणकांविषयी फार लिहिण्याची गरज नाही. दहा नकोत, चालू स्थितीतील तीन घ्यावेत, त्यांची दुरुस्ती वर्षभर कोण करणार हे आधी ठरवावे, शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या जडसंग्रह नोंदवहीत नोंद करावी, आणि वीजबिल कोठून भरणार हा प्रश्न समितीत आधी विचारावा, कारण बिल थकून वीज तोडलेल्या शाळेत संगणक असणे हा प्रकार जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना नवा नाही. फलकाला माझा विरोध आहे. शासनाने २०२३ मध्ये दत्तक शाळा योजना आणली आणि तीत देणगीदाराचे नाव शाळेशी जोडण्याची सोय ठेवली, पण आपली शाळा कोणी दत्तक घेत नाही. शाळेच्या आत, दोन्ही शाळांची नावे सारख्याच अक्षरांत असलेला उपक्रमाचा एक कागदी तक्ता पुरेसा आहे, आणि तसाच तक्ता त्यांच्या शाळेतही लागावा. छायाचित्रांसाठी प्रत्येक पालकाची लेखी संमती हवी. फाटका गणवेश घातलेल्या मुलाचे हातात वही घेतलेले चित्र दुसऱ्या शाळेच्या जाहिरातीत छापले जाणार नाही, हे आपणच पाहायचे आहे. बाहेरचे विद्यार्थी किंवा शिक्षक वर्गात असताना आपला एक शिक्षक तेथे सतत हजर असावा आणि शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी असलेल्या सखी सावित्री समितीला भेटींचे वेळापत्रक आधी कळवावे. यात कोणावर संशय नाही, मुलांच्या सुरक्षिततेची ती किमान रीत आहे.

निर्णय आपण एकट्याने घेऊ नये, आणि अध्यक्षांनी एकट्याने तर मुळीच घेऊ नये. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण निम्म्या महिला असाव्यात, अशी कायद्याची अट आहे. आपल्या समितीतील ज्या माता एरवी सही करून निघून जातात, त्यांना या विषयावर बोलते करावे. मुलांनी काय शिकावे यावर त्यांचे मत अध्यक्षांपेक्षा वेगळे निघण्याची शक्यता बरीच आहे. विनाअनुदानित खासगी शाळांना अशी समिती कायद्याने बंधनकारक नाही, म्हणून तिकडे निर्णय कोण घेते, मुख्याध्यापक की संस्थाचालक, हे आधीच विचारून घ्यावे. मुख्याध्यापकांना उत्साह आणि संस्थाचालकांना केवळ फलकात रस, अशी स्थिती असेल, तर ती पहिल्या बैठकीतच कळलेली चांगली. समितीचा ठराव इतिवृत्तात नोंदवावा, कारण उद्या आपली बदली झाली, आणि जिल्हा परिषदेत ती होतेच, तर नव्याने येणाऱ्या मुख्याध्यापकांना हे सारे कोणाच्या आठवणीतून शोधावे लागू नये. गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवून त्यांची संमती घ्यावी. मुदत एकाच शैक्षणिक वर्षाची ठेवावी आणि एप्रिलमध्ये दोन्ही बाजूंच्या शिक्षकांनी एकत्र बसून पुढे चालू ठेवायचे की थांबवायचे, हे ठरवावे.

एक अडचण राहते, ती वेळेची. तीन शिक्षकांच्या शाळेतून एक जण महिन्यातून एकदा दुसऱ्या शाळेत गेला, की त्याचे वर्ग इतर दोघांवर पडतात. शिक्षकांना जनगणना, आपत्ती-निवारण आणि निवडणुका यांखेरीज अशैक्षणिक कामे देऊ नयेत, असे कायद्याचे सत्ताविसावे कलम सांगते. प्रत्यक्षात काय होते हे मी आपल्याला सांगायला नको. म्हणून त्यांच्या शिक्षकांनी आपल्याकडे अधिक वेळा यावे आणि आपल्या शिक्षकाने त्यांच्याकडे दोन महिन्यांतून एकदा जावे, असे प्रमाण सुचवायला संकोच करू नये. त्यांच्याकडे मनुष्यबळ अधिक आहे, आणि साधनांच्या वाटपात तेही येते. प्रवासाचा खर्च त्यांनी करावा, हे मागायलाही हरकत नाही.

उत्तराचे पत्र एका पानापेक्षा मोठे नसावे. प्रारंभी प्रस्तावाबद्दल आभार मानावेत, मग शिक्षकांच्या परस्पर भेटींचा आपला प्रस्ताव आणि मराठी वाचनाबाबत आपली शाळा काय देऊ शकते हे मांडावे, त्यानंतर प्रवेश-प्रचार, छायाचित्रे आणि फलक यांविषयीच्या अटी लिहाव्यात, आणि शेवटी त्यांच्या मुख्याध्यापकांना व एका मराठीच्या शिक्षकाला आपल्या शाळेत एक सकाळ वर्ग पाहण्यासाठी बोलवावे. शंका घेणाऱ्या सहकाऱ्यांना त्या दिवशी पाहुण्यांसोबत बसवावे आणि त्यांचा वर्ग प्रथम दाखवावा. पत्राची एक प्रत केंद्रप्रमुखांना जाऊ द्यावी.